बॉस्टनला कधी जाऊ, बर्फात की उन्हाळ्यात?

प्रश्न : ताई, मुलगा-सून बॉस्टनला असतात, नातू दीड वर्षाचा आहे. आम्ही पहिल्यांदाच जातोय, पाच-सहा महिने राहायचा विचार आहे. मुलगा म्हणतो डिसेंबरात या, बर्फ बघाल. पण ह्यांचे गुडघे दुखतात आणि आम्ही पडलो सांगलीचे, आमची थंडी म्हणजे एक स्वेटर. तिकडचे चार सीझन कसे असतात, कधी गेलेलं बरं?

उत्तर : काकू, स्पष्टच सांगते, पहिल्याच खेपेला डिसेंबरात नका जाऊ. बर्फाचं कौतुक चार दिवस. थंडीपेक्षा तिथला अंधार खायला उठतो, डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, मग मुलं ऑफिसातून येईपर्यंत लाइट लावून घरात बसायचं. जानेवारीत रात्री उणे 5-6 नेहमीचंच. आणि काकांना खरी भीती पडणाऱ्या बर्फाची नाही, दिवसा वितळून रात्री परत गोठतो ना त्याची, फुटपाथवर पातळ थर बसतो, दिसतच नाही, ब्लॅक आइस म्हणतात त्याला, चांगले तरणेताठे आपटतात.

स्प्रिंग मार्चमध्ये सुरू होतो तो कॅलेंडरवर, बर्फ एप्रिलच्या सुरुवातीलाही पडू शकतो. म्हणून मेच्या मध्याला पोचा. जूनमध्ये रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो, जेवून बाबागाडी घेऊन चार्ल्स नदीकाठी आरामात फिरून येता येतं. जुलैत दुपारी 28-30, कधी 35 पण होतं, दमट असतं. आपल्यासारखा वेगळा पावसाळा नाही, बाराही महिने अधूनमधून पडतो.

पण सप्टेंबर-ऑक्टोबर अजिबात चुकवू नका!! माझ्या मते तिथे जायचं ते ह्यासाठीच. दिवस लहान आणि रात्री गार व्हायला लागल्या की पानातलं हिरवं द्रव्य कमी होतं, आत लपलेला पिवळा-केशरी रंग वर येतो आणि मेपलच्या पानात लाल रंग नव्याने तयार होतो. हे उत्तरेकडून खाली सरकत येतं, व्हरमाँट-न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात ऑक्टोबरच्या सुरुवातीला ऐन भरात, बॉस्टनला दोनेक आठवडे उशिरा, म्हणजे दोनदा बघायला मिळतं. त्याच दिवसांत सफरचंदाच्या बागेतही जा, पिशवी विकत घ्यायची आणि स्वतः तोडायची, फळ ओढायचं नाही, हलकेच वर उचलून पिरगाळलं की देठासकट हातात येतं. झाडं बुटकी असतात, नातवाला कडेवर घेतलं तरी त्याचा हात पोचतो.

परतीचं तिकीट ऑक्टोबरअखेरचं काढा, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे करतात आणि संध्याकाळ एकदम गायब होते. किती दिवस राहायचं ते एअरपोर्टवरचा ऑफिसर ठरवतो, बहुतेक सहा महिने देतात, पण मिळालेली तारीख मुलाला ऑनलाइन चेक करायला सांगा. जाड जॅकेट इथून नेऊ नका, ऑक्टोबरला लागेल तेवढं तिथेच चांगलं मिळतं, काकांसाठी फक्त चांगल्या ग्रिपचे बूट आत्ताच घेऊन इथे घालून सवय करून ठेवा.