दुसरीच्या वर्गात सतत खेळच घेतात; मुलासाठी शिकवणी लावावी का?

आपल्या मुलाची वही निम्मी कोरी आहे, वर्गात सारखे खेळ चालतात, त्यामुळे तो मागे पडेल अशी भीती आपण व्यक्त केली आहे. शिकवणी लावू नका. असे ठामपणे का म्हणते, ते सांगते.

सोलापूरच्या पूर्व भागातील एका शाळेत मी अनेक वर्षे दुसरीचा वर्ग घेतला. बहुतेक मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाई. वडील यंत्रमागावर आणि आई विड्या वळणारी. हातच्याची बेरीज सुरू झाली की दरवर्षी तीच चूक दिसे. ४३ आणि २८ यांची बेरीज मुले ६११ लिहीत, कारण चार आणि दोन सहा, तीन आणि आठ अकरा हे त्यांना पाठ असे. पण त्या अकरातले दहा शेजारच्या घरात एक होऊन का जातात, हे फळ्यावर कितीही समजावले तरी कळत नसे. म्हणून मी चिंचोके आणि रिकाम्या काड्यापेट्या आणून दुकानाचा खेळ मांडला. नियम एकच होता: दहा सुटे चिंचोके जमले की ते पेटीत भरून बाजूला ठेवायचे.

महिनोन्महिने वर्गात न बोललेली एक मुलगी तेव्हा म्हणाली, "बाई, अम्मापण कट्टा झाला की असाच बाजूला ठेवते." घरी ती विड्यांचे कट्टे, म्हणजे जुड्या, बांधू लागत असे, त्यामुळे गट करून मोजण्याची रीत तिच्या हाताला आधीच ठाऊक होती. सात पेट्या आणि एक सुटा, म्हणजे ७१, हे तिनेच सगळ्यांना दाखवले.

नेमके त्याच वेळी मुख्याध्यापक दारात आले. "वह्या कुठे आहेत?" एवढेच त्यांनी विचारले, चिंचोके गोळा करायला लावले आणि सगळ्या वर्गाला १ ते १०० अंक लिहायला बसवले. ती मुलगी पुन्हा गप्प झाली, याचे मला आजही वाईट वाटते. सत्र परीक्षेत तिने उत्तरपत्रिकेच्या कडेला पेन्सिलीने लहान लहान पेट्या काढून हातच्याची सर्व उदाहरणे बरोबर सोडवली. ते श्रेय अंकलेखनाचे, असे सरांचे म्हणणे होते. मला ते मुळीच मान्य नाही. शंभरपर्यंतचे अंक उतरवणाऱ्या मुलाला कोणत्या अंकानंतर कोणता येतो हे कळते. दहाचा गट त्याला हाताळल्याशिवाय कळत नाही.

खेळातून शिकवणे हे परदेशी खूळ आहे, असेही सर म्हणत. पण बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी गावात ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले तेव्हा परिसरात मिळणाऱ्या स्वस्त साधनांवरच भर दिला होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा खेळ-कृतींतून शिकण्याचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, आणि दुसरी त्यातच येते.

अर्थात प्रत्येक खेळातून शिक्षण होतेच असे नाही. केवळ वेळ घालवण्यासाठी घेतलेला खेळ मीही पाहिला आहे, आणि लेखनाचा सराव दुसरीत हवाच. म्हणून शिक्षिकेला भेटून या आठवड्यातील खेळ कशासाठी घेतला, हे विचारा. त्यांना नेमके सांगता आले नाही, तर आपली काळजी रास्त आहे. मात्र मुलाने उदाहरणाच्या कडेला रेघा, ठिपके किंवा पेट्या काढल्या असतील, तर वही स्वच्छ दिसावी म्हणून त्या खोडायला लावू नका.