मुलीला तालमीला जरूर आण

मुलीला नाटकाच्या तालमीला आणलं तर चालेल का, असं काल विचारलंस. आण, जरूर आण. माझी दोन्ही मुलं विंगेतच वाढली. धाकटा जुन्या पडद्यांच्या गाठोड्यावर झोपायचा. थोरलीला सगळ्यांचे संवाद पाठ असायचे. एका प्रयोगात मी अडखळले, तेव्हा विंगेतून माझं वाक्य तिनेच पुरवलं. तो बारीक आवाज अजून कानात आहे.

फक्त तिला नुसतं बसवून ठेवू नकोस, काम दे. प्रॉपर्टीचं, म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तूंचं, टेबल उत्तम. त्यावर पांढरा कागद पसरायचा, प्रत्येक वस्तूभोवती पेनाने रेघ मारून आत नाव लिहायचं. चौकट रिकामी दिसली की वस्तू परत आली नाही, हे लहान मुलालाही कळतं.

अंधाराचं मात्र आधी सांग. उजेडातून काळोखात गेल्यावर डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि ब्लॅकआउट, म्हणजे रंगमंचावरचे सगळे दिवे बंद असण्याचा वेळ, तर काही सेकंदांचा. म्हणूनच पायऱ्यांच्या कडांना आपण अंधारात चमकणारी पट्टी लावतो. सेट उभा राहताना, दिवे टांगताना तिला रंगमंचावर येऊ द्यायचं नाही. यात तडजोड नको.

नवऱ्याला अभिनय नको असेल तर आग्रह करू नकोस. आमचे हे २२ वर्षं फक्त पडदा ओढतात, आणि मनापासून ओढतात. प्रयोगानंतर आम्ही चौघं मिळून रंगमंच झाडायचो. थोरली मात्र झाडू हातात धरून रिकाम्या खुर्च्यांसमोर सगळ्यांच्या भूमिका एकटीच करून दाखवायची.