थेलोनियस मंकचं चित्रचरित्र वाचायला घेऊ का?

तुम्ही विचारलंय की जॅझमधलं काहीही कळत नसताना जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकवरचं चित्रचरित्र वाचावं का, आणि त्यातून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची संस्कृती समजेल का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बेधडक ‘हो’. दुसऱ्याचं जरा सविस्तर द्यावं लागेल.

युसूफ दाऊदी यांचं ‘मंक!’ २०१८ मध्ये आलं. काळी शाई आणि सोबत पिवळट सोनेरी छटा, एवढ्यावर सगळा खेळ. मंकसाठी चित्र हे माध्यम फार जुळतं, कारण तो बघण्यासारखा वाजवायचा. बोटं सपाट ठेवून पट्ट्यांवर आपटायची, मध्येच हात उचलून गप्प बसायचं, आणि सॅक्सोफोनवाला रंगात आला की उठून जागच्या जागी गिरक्या घ्यायच्या. ऐकताना ठेका निसटला असं वाटतं आणि पुढच्या क्षणी गडी नेमका समेवर असतो. ती मधली शांतता दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेत दाखवता येते. गद्य चरित्रात हे जमवणं अवघड.

पण या पुस्तकाचा कणा म्हणजे मंक आणि पॅनोनिका यांची मैत्री. पॅनोनिका रॉथशील्ड या गर्भश्रीमंत बँकर घराण्यातली, लग्नाने बॅरोनेस. मैत्री खरी होती आणि शेवटपर्यंत टिकली. १९८२ मध्ये मंक गेला तेव्हा तो न्यू जर्सीत तिच्याच घरी राहत होता. तरी श्रीमंत गोरी आश्रयदाती आणि अबोल, विक्षिप्त प्रतिभावंत ही जोडी इतकी चित्रमय आहे की ज्या समाजातून मंक आला तो मागे सरकतो. तुम्हाला हवाय तो नेमका तोच भाग.

मंक जन्मला १९१७ साली नॉर्थ कॅरोलायनात. १९२२ मध्ये आई मुलांना घेऊन न्यूयॉर्कच्या सॅन वान हिल वस्तीत आली. दक्षिणेतून आणि कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची ही दाटीची वस्ती (पुढे तिच्या मोठ्या भागावर बुलडोझर फिरवून लिंकन सेंटर उभं राहिलं). चर्चमधली भजनं, शेजारपाजारचे ‘स्ट्राइड’ शैलीचे (डाव्या हाताने झोकात ठेका धरणारे) पियानोवादक, आणि किशोरवयात एका धर्मप्रचारक बाईंच्या ताफ्याबरोबर गावोगाव केलेली साथ, ही त्याची तालीम. मग हार्लेममधला मिंटन्स हा क्लब. त्याचे मालक हेन्री मिंटन संगीतकारांच्या युनियनचे पहिले कृष्णवर्णीय प्रतिनिधी होते. युनियनला फुकटच्या मैफली चालत नसत, पण मिंटन यांच्यामुळे इथे पोरांना रात्रभर वाजवता येई. बीबॉप ही जॅझची नवी, गुंतागुंतीची शैली घडली त्यात या जागेचा मोठा वाटा आहे. हे संगीत एका विक्षिप्त डोक्यातून अचानक उगवलेलं नाही, त्यामागे अख्खी वस्ती आहे.

आता वाचताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: कॅबरे कार्ड. १९४० पासून न्यूयॉर्कमध्ये दारू मिळणाऱ्या क्लबात काम करायचं तर पोलिसांकडे बोटांचे ठसे देऊन हे कार्ड काढावं लागे. नियम सगळ्यांना सारखा, फटका मात्र बिली हॉलिडे, चार्ली पार्कर, मंक अशा कृष्णवर्णीय जॅझ कलाकारांना बसला. १९५१ मध्ये मंक आणि त्याचा पियानोवादक मित्र बड पॉवेल गाडीत असताना पोलिसांना हेरॉइन सापडलं. मंकने मित्राविरुद्ध तोंड उघडलं नाही. तुरुंग झाला आणि कार्डही गेलं. ते १९५७ मध्ये परत मिळालं तेव्हा तो फाइव्ह स्पॉट या क्लबात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनसोबत वाजवू लागला. पुढच्याच वर्षी डेलावेअरमध्ये एका मोटेलपाशी, कार्यक्रमाला जाताना पाणी प्यायला थांबला असता, मालकाने पोलीस बोलावले. मंक गाडीतून उतरेना, म्हणून त्यांनी त्याच्या हातांवर दंडुके मारले. पियानोवादकाच्या हातांवर! गाडीतल्या गांजाचा दोष पॅनोनिकाने स्वतःवर घेतला, तिला शिक्षा झाली आणि ती पुढे अपिलात सुटली. मंकचं कार्ड मात्र पुन्हा गेलं.

त्या बिनकार्डाच्या वर्षांत संसार ओढला बायकोने, नेलीने, शिवणकाम करून. १९५७ मध्ये ती ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती तेव्हा मंकने ‘क्रेपस्क्यूल विथ नेली’ रचलं. जॅझमध्ये रचना ही निमित्तमात्र, खरा जीव उपजेत, म्हणजे वाजवताना आयत्या वेळी सुचेल त्यात. पण या तुकड्यात मंक उपज करत नसे. लिहिलंय तसं, प्रत्येक स्वर जागच्या जागी. ‘पॅनोनिका’ नावाची रचनाही त्याने केली आहे. दोन्ही लागोपाठ ऐका, म्हणजे त्या दोघींविषयी पुस्तकाबाहेरचंही काही कळेल.

आपल्याकडे मराठीत कृष्णवर्णीय अमेरिकेची ओळख बहुतेकांना १९७२ च्या दलित पँथरमुळे झाली, म्हणजे चळवळीच्या वाटेने. ती ओळख मोलाची आहे. पण त्यामुळे आपल्याला तिथला संताप जास्त ठाऊक आणि तिथलं रोजचं जगणं कमी. कोण कुणाच्या घरी पियानो वाजवायला जायचं, रविवारी चर्चमध्ये काय गायचे, नव्या पोराला मैफलीत कसं पारखायचे, हे सगळंही संस्कृतीच. मंकच्या वाटेने गेलात तर ते भेटतं.

तर क्रम असा ठेवा. आधी ‘ब्लू मंक’ आणि ‘राउंड मिडनाइट’ ऐका, मग दाऊदींचं पुस्तक, एका बैठकीत. आणि त्यानंतर रॉबिन केली यांनी लिहिलेलं मंकचं २००९ चं चरित्र. जाडजूड आहे, वेळ खाईल, पण सॅन वान हिल, आई आणि नेली त्यात पुरेपूर सापडतात.