घाट चढून आल्यावर टर्बो गाडी लगेच बंद करावी का?

तुम्ही विचारलंय, डिझेल टर्बो गाडी ताणून चालवल्यावर मिनिटभर चालू ठेवून मगच बंद करायची ही जुन्या ड्रायव्हरांची सवय आताच्या गाड्यांसाठीही गरजेची आहे का. आहे, पण दर वेळी नाही. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गॅसच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा.

माझं गॅरेज परतवाड्याकडे, चिखलदऱ्याच्या वाटेवर आहे. मागच्या उन्हाळ्यात एक सात सीटची गाडी आली. मागून निळा धूर, रेस दिली की शिट्टीसारखा आवाज. टर्बोला ऑइल नेणारी बारीक नळी खोलली, तर आत कढईच्या बुडाला करपलेल्या तेलासारखा कडक काळा थर. तार घातली तरी पुढे सरकेना. मालक दर शनिवारी प्रवासी घेऊन वर जायचा, पोचल्याबरोबर चावी बंद करायचा, आणि ऑइल बदलायची वेळ कधीचीच उलटून गेली होती.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. बेअरिंगमध्ये तो ऑइलच्या पातळ पदरावर तरंगत असतो, धातूला धातू लागत नाही. त्याच्या एका टोकाच्या पंख्यावर सायलेन्सरकडे जाणारा गॅस आदळतो, आणि चढावर डिझेल गाडीत तो ७००-८०० अंशांपर्यंत जातो. ही उष्णता वाहतं ऑइल घेऊन जातं. इंजिन बंद केलं की ऑइल पंपही थांबतो. मग पंख्याच्या तापलेल्या घराची धग बेअरिंगकडे सरकते आणि तिथं थांबलेलं ऑइल करपतं. एका दिवसात काही होत नाही, थर हळूहळू चढतो.

काही टर्बोंना कूलंटचेही, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरच्या पाण्याचेही पाईप असतात. तिथं इंजिन बंद झाल्यावरही गरम कूलंट आपोआप वर सरकून थंड खाली येत राहतं, काही गाड्यांत त्यासाठी वेगळा इलेक्ट्रिक पंपही असतो. पण आपल्याकडच्या कितीतरी लहान डिझेल गाड्यांचा टर्बो फक्त ऑइलवरच थंड होतो. तुमची कोणती आहे ते मेकॅनिकला बोनेट उघडून दाखवायला सांगा.

आता वेळ कधी द्यायची? चिखलदरा चढून आलात तर एक-दोन मिनिटं, रेस न देता. घाट उतरून खाली आलात तर गरज नाही, उतारावर टर्बोवर जोरच नसतो. समृद्धीवरून १२० च्या वेगानं येऊन इंटरचेंजला उतरलात, तर टोलनाका आणि गावातले दोन-तीन किलोमीटर यातच तो निवतो. खरा धोका हायवेवरच्या पेट्रोल पंपाचा. सुसाट आलो, थेट नोझलपाशी थांबलो आणि इंजिन बंद. तिथं ते बंद करावंच लागतं, म्हणून आधी आवारात बाजूला मिनिटभर थांबा, मग पुढे घ्या. ज्या गाड्या उभ्या राहिल्या की इंजिन आपोआप बंद करतात, त्यांची ती सोय घाटात बटण दाबून बंद ठेवा.

दहा-दहा मिनिटं मात्र चालू ठेवू नका, त्यानं डिझेल जळतं, फायदा काही नाही.

आणि भाऊ, ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच टाका, तारखेवर बदला. मे महिन्यात पारा ४५ वर असतो, त्यात कापसाच्या शेतातल्या पांदणीची धूळ, म्हणून एअर फिल्टरही लवकर पाहत जा. फाटक्या फिल्टरमधून गेलेली धूळ टर्बोच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या, हवा आत ओढणाऱ्या पंख्याच्या पात्यांच्या कडा खाते. सकाळी थंड गाडी चालू केल्यावर अर्धा मिनिट रेस देऊ नका, ऑइलला टर्बोपर्यंत पोचू द्या.