स्टॅटिन बंद करूनही स्नायूंचा अशक्तपणा का जात नाही?

आपण लिहिले आहे की कोल्हापुरात राहणाऱ्या आपल्या वडिलांची अ‍ॅटॉरव्हास्टॅटिनची कोलेस्टेरॉल कमी करणारी (स्टॅटिन गटातली) गोळी तीन महिन्यांपूर्वी बंद झाली, तरी जोतिबाच्या पायऱ्या चढताना त्यांच्या मांड्यांत बळ राहत नाही आणि रक्तातील सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) वाढलेलेच आहे. गोळीमुळे होणारा साधा त्रास ती थांबवल्यावर बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. तो ओसरत नसेल, तर सारा दोष गोळीच्या माथी मारून थांबू नये. मॅकआर्डल आजार, सीपीटी-२ या एन्झाइमची कमतरता किंवा मायोटोनिक डिस्ट्रॉफी यांसारखे स्नायूंचे आनुवंशिक विकार वर्षानुवर्षे किरकोळ तक्रारींआड दबून राहतात आणि स्टॅटिनचा स्नायूंवर ताण पडला की उघडे पडतात. पापण्या जड होणे, एकाचे दोन दिसणे असे काही असेल, तर मायस्थेनियाचाही (नसांकडून स्नायूंना मिळणारा संदेश अडवणाऱ्या आजाराचा) विचार करावा लागतो.

याहून वेगळा आणि विरळा प्रकार म्हणजे एचएमजीसीआर (स्टॅटिन ज्या एन्झाइमला रोखते ते) याच्याविरुद्ध शरीरानेच बनवलेल्या प्रतिपिंडांमुळे होणारा स्नायुविकार; तो गोळी थांबवल्यावरही वाढत राहू शकतो आणि त्याला प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार लागतात, म्हणून माझ्या मते मज्जातंतुतज्ज्ञांना या प्रतिपिंडांच्या रक्ततपासणीबद्दल आधी विचारावे. थायरॉइडची तपासणीही राहून जाऊ नये. सीके पुन्हा तपासण्यापूर्वी आठवडाभर जोर-बैठका टाळाव्यात (तालमींच्या गावात हे सांगावेच लागते), कारण कष्टाच्या व्यायामानेही ते वाढते. लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.