भूप, देशकार आणि तुझा प्रश्न

प्रिय ओजस,

अनेक आशीर्वाद.

मिसिसागाच्या बैठकीनंतर तू दोन प्रश्न पाठवलेस. ते मेसेजमध्ये उरकण्यासारखे नाहीत, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. बुवा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आले की खोलीतले सगळे एकदम ‘वा!’ म्हणतात, ते आधीच ठरलेलं असतं का, हा पहिला. दुसरा त्याहून अवघड. जेवताना दोन काका हातवारे करत भांडत होते. एकाचं म्हणणं भूप राग उत्तम झाला, दुसऱ्याचं म्हणणं बुवा मध्येच देशकार रागात शिरले. ज्यांना गाणं कळतं त्यांचंच एकमत नसेल, तर सुंदर काय हे शेवटी ज्याच्या त्याच्या आवडीवरच आलं ना, असं तू विचारलंस. तुझ्या कॉलेजच्या सेमिनारमध्येही हाच सूर निघाला होता, असं लिहिलं आहेस.

मला तसं वाटत नाही. गाण्याला माप असतं, आणि ते ऐकणाऱ्याच्या मर्जीवर ठरत नाही. मात्र ते माप ज्या त्या गाण्याच्या आत असतं. बाहेरून एकच पट्टी आणून सगळ्या गाण्यांना लावली की घोटाळा होतो.

काकांच्या भांडणापासूनच सुरुवात करते. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत तेच पाच स्वर आहेत: सा (षड्ज), रे (रिषभ), ग (गंधार), प, ध (धैवत). तुझ्या पियानोवर ते पाच सूर वाजवलेस तर त्यातून भूप होईल की देशकार, हे पियानो सांगू शकणार नाही. फरक आहे तो कुठे थांबायचं, कुठे नुसता स्पर्श करून निघायचं, यात. भूप संध्याकाळ उलटल्यावरचा राग. तो गंधारावर विसावतो, खालच्या अर्ध्या सप्तकात रमतो. देशकार सकाळचा. तो धैवतावर उभा राहतो, वरच्या षड्जाकडे ओढ घेतो, आणि रिषभाला फारसं थांबू देत नाही. गवय्याने ‘भूप गातो’ म्हटलं की त्याने समोरच्यांना एक शब्द दिलेला असतो. पुढचा तासभर तो शब्द कसा पाळला जातो हे सगळे ऐकत असतात. धैवतावर जरा जास्त रेंगाळलं की जाणत्याच्या कपाळाला आठी पडते. आता बघ, त्या दोन काकांना कुठली जागा खटकू शकते, हे दोघांनाही नेमकं ठाऊक होतं. ती जागा खटकण्याइतकी लांबली की नाही, एवढ्यावरच वाद होता. एकाला कारलं आवडतं आणि दुसऱ्याला आवडत नाही, यावर कोणी तासभर पुरावे देत बसत नाही. काका पुरावे देत होते, बुवांची ती धैवताची जागा गाऊन दाखवत होते. दोघांना मान्य असं काही नसतं, तर भांडायला जागाच राहिली नसती.

समेचंही तसंच. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा असतात आणि लय संथ असली की एक आवर्तन मिनिटभरसुद्धा चालतं. त्या मिनिटात गवई तालापासून दूर गेल्यासारखा वाटतो, आलाप लांबवतो, तबलजी मुकाट्याने ठेका धरून असतो. ऐकणारे मनात मात्रा धरून असतात. आता दोनच मात्रा उरल्या, याला मुखडा, म्हणजे बंदिशीच्या (बांधलेल्या गीताच्या) सुरुवातीचा तुकडा, गाठता येणार का? आणि तो अगदी सहज, घाई न करता, बंदिशीचं नेमकं अक्षर समेवर ठेवतो. त्या क्षणी निघणारा ‘वा!’ ठरवून निघत नाही. सगळे एकाच गोष्टीची वाट बघत होते, म्हणून तो एकदम निघतो. तुझे बाबा तर त्याआधीच मान हलवायला लागतात, हे तू पाहिलंच असशील.

आता तू म्हणशील, हे सगळे माणसांनी केलेले नियम. शिकलेल्यांना शिकलेलं आवडतं, त्यात काय विशेष? बरोबर आहे, पण पूर्ण नाही. याच्या मुळाशी माणसाने न केलेलं असंही काही आहे, आणि ते तंबोऱ्यात ऐकू येतं.

मी मिरजेची. तिथे सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे आणि सतारी बनतात. पंढरपूर, मंगळवेढ्याच्या बाजूचे मोठे भोपळे वाळवून त्यांचे तुंबे करतात. लहानपणी मी तिथे जवारी काढताना, म्हणजे तारेला गुंजणारा आवाज आणताना, पाहायची. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, वरचा पृष्ठभाग कानसीने कणाकणाने घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवायचा. एका ठरावीक ठिकाणी दोरा आला की आवाज उघडतो, एका तारेतून अनेक सूर पसरायला लागतात. त्या गल्लीत कोणालाही विचार, जवारी खुली आहे की बंद, उत्तर एकच येईल. आणि खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सा-ची, तार नीट लागलेली असेल तर तिच्यातून कोणी न छेडता गंधार ऐकू येतो. त्याला आपल्याकडे स्वयंभू गंधार म्हणतात. तो कोणाच्या मनाचा खेळ नाही. तारेच्या पाचव्या स्वरांशातून, म्हणजे मूळ सुराच्या पाचपट कंपनांच्या सुरातून, तो येतो, षड्जाशी त्याच्या कंपनांचं नातं पाचास चार असं असतं. किराणा घराण्याचे, म्हणजे त्या नावाच्या गायनपरंपरेतले, अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, 1937 साली गेल्यावर तिथल्याच दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. त्यांचं रेकॉर्डिंग ऐकशील तेव्हा त्यांच्या गंधाराकडे कान दे. तो तंबोऱ्याच्या गंधारात इतका मिसळतो की दोन आवाज वेगळे काढता येत नाहीत.

तुझ्या पियानोचा गंधार तिथे नसतो. पियानोवर सगळे अर्धस्वर सारख्या अंतरावर बसवलेले, म्हणून त्याचा ग सा-पासून 400 सेंटवर असतो (एका अर्धस्वराचे शंभर सेंट). तारेतला ग साधारण 386 सेंटवर. चौदा सेंटचा फरक. आपल्या गवय्यांना पियानोचा ग चढा लागतो. पेटीचे सूरही तसेच बसवलेले, म्हणून पेटीवर टीका करणारे हेच कारण देत आले. 1940 साली आकाशवाणीने पेटीला बंदी केली, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं, आणि ती बंदी पुढची तीस वर्षं टिकली. पण पियानोच्या त्या गंधारामुळे तुला कुठल्याही सुरावरून सुरुवात करता येते, एका रचनेत स्वर बदलत दूरवर जाता येतं. ते पाश्चात्त्य संगीताने मागितलं, त्याची किंमत दिली. म्हणून पियानो बेसूर आहे असं मी म्हणणार नाही, कोणी म्हटलं तर पटवूनही घेणार नाही.

तू सेमिनारमध्ये सांगितलास तो बोलिव्हियाच्या चिमाने लोकांचा अभ्यास मला माहीत आहे. 2016 साली तो प्रसिद्ध झाला होता. पाश्चात्त्य कानाला गोड लागणारे सूरसमूह आणि कर्कश लागणारे, दोन्ही त्यांना सारखेच बरे वाटले. तुझ्या वर्गातल्या मुलांनी यावरून सगळी सौंदर्यं शिकवलेली असतात असं काढलं. पण त्याच अभ्यासात दुसरं टोकही आहे: दोन्हींतला फरक त्या लोकांना ऐकू येत होता. फरक आवाजात आहे. त्यातलं काय जवळचं मानायचं, ते संगीताच्या परंपरेने ठरतं. आणि परंपरेने ठरतं म्हणजे ज्याच्या त्याच्या आवडीवर ठरतं असं होत नाही, हे तुझ्या वर्गात सुटून गेलं असावं.

परंपरेच्या आतसुद्धा माप एकच नसतं. वामनराव देशपांडे नावाचे मोठे समीक्षक होते, स्वतः गाणं शिकलेले. त्यांनी घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये केली. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या, आणि अल्लादिया खाँसाहेबांचं जयपूर दोन्हींचा तोल राखणारं. ही मांडणी सगळ्यांना पटली नाही, पण ऐकताना तिचा उपयोग होतो. किराण्याच्या गवय्याकडून जयपूरच्या गुंतागुंतीच्या ताना मागायच्या नाहीत, आणि जयपूरवाला एका सुरावर पाच मिनिटं थांबला नाही म्हणून रुसायचं नाही. कोण काय करायला निघाला आहे, ते आधी समजून घ्यायचं.

आणि मग असा एखादा येतो की मापच हलवतो. कुमार गंधर्व क्षयाने वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळले होते, एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. देवासला पडल्यापडल्या त्यांनी माळव्याची लोकगीतं ऐकली, आणि उठले तेव्हा गाणं बदललेलं होतं. छोटे, तुटक, झेपावणारे स्वरसमूह, लोकधुनांतून काढलेले नवे राग. घराणेदार मंडळींपैकी कित्येकांना ते मान्य झालं नाही. विलंबित नीट भरत नाही, असं म्हणणारे शेवटपर्यंत होते. किशोरीताई आमोणकरांनाही जयपूरची शिस्त मोडल्याचं ऐकून घ्यावं लागलं. आज त्यांचा भूप ऐकून मुलं शिकतात. मला यातून हे दिसतं की शास्त्र गाण्याच्या मागून चालतं. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी गावोगाव फिरून उस्तादांच्या बंदिशी लिहून घेतल्या, मग दहा थाट, म्हणजे रागांची वर्गवारी करणारे स्वरसंच, मांडले. आधी थाट करून कोणी गायला बसलं नाही. पण कुमारांनी काहीही गायलं असतं तर ते चाललं असतं, असं नाही. त्यांच्यानंतर त्यांच्यासारखं तुटक गाणारे पुष्कळ झाले, त्यातले बहुतेक ऐकवत नाहीत. कुमारांच्या तुटण्यामागे सूर अखंड होता. फरक तिथे आहे आणि तो दाखवता येतो.

चित्रांविषयी तू विचारलं होतंस. माझा अधिकार तिथे कमी, म्हणून थोडक्यात. कवी मर्ढेकरांनी सौंदर्याचा मोठा विचार केला. कलेतल्या संवेदनांमध्ये संवाद, विरोध आणि समतोल ही नाती असतात, त्या नात्यांतून लय तयार होते, आणि ती लय हेच सौंदर्य, असं त्यांचं म्हणणं. कवितेला हे पुरत नाही असं मला वाटतं, कारण शब्दांना अर्थ चिकटलेले असतात. पण वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रासमोर उभं राहिलं की मर्ढेकर पटतात. त्यात माणूस नाही, झाड नाही, गोष्ट नाही. रंगांचे थर एकमेकांना धरून आहेत, आणि त्यातला एक डाग पुसला तर चित्र कोलमडेल हे डोळ्याला कळतं.

तुला आवडेल अशी एक गोष्ट राहिली. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली, तिच्यात आपल्या गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची ‘जात कहां हो’ ही भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केसरबाई गेल्या. ती तबकडी कोणाला सापडलीच, तर त्यांना त्यातले सुरांचे आकडे मोजता येतील, पाचास चारचं नातंही कदाचित ओळखता येईल. भैरवी ही मैफल संपवताना गातात, तिच्यानंतर गाणं होत नाही, हे त्यांना कुठून कळणार? तेवढं कळायला आमच्याबरोबर सतरंजीवर बसावं लागतं. आकडे तारेत असतात, बाकीचं बसून बसून येतं. सौंदर्याला ही दोन्ही लागतात असं मी मानते.

आता रीतीचं. तू विचारलंस, कळत नसताना ‘वा’ म्हणावं का. म्हणू नकोस. उगाच दिलेली दाद गवय्याला लगेच समजते आणि त्याचं लक्ष विचलित होतं. बाकीचे म्हणाले म्हणून मागून म्हणणं तर त्याहून वाईट. पण एखादी जागा खरोखर आत लागली तर शास्त्र येत नाही म्हणून गप्प बसायचीही गरज नाही. हळू आवाजात म्हण, नाहीतर नुसती मान हलव. मध्येच टाळ्या वाजवायच्या नाहीत. चीज (बंदिश) चालू असताना उठून जायचं नाही. आणि बैठक संपल्यावर कोणी विचारलं तर ‘आवडलं नाही’ म्हणायला तू मोकळा आहेस. फक्त ‘आवडलं नाही’ आणि ‘चांगलं नव्हतं’ यांत गल्लत करू नकोस. मला स्वतःला आग्रा घराण्याची नोमतोम, म्हणजे ‘नोम’, ‘तोम’ अशा अक्षरांतली आलापी, फारशी भावत नाही, पण फैयाज खाँ ती ज्या ताकदीने करायचे ती उत्तमच होती, हे मी कोणाहीसमोर मान्य करेन.

पुढच्या आठवड्यात तुला वेळ असेल तर आधी किशोरीताईंचा भूप ऐक, मग मल्लिकार्जुन मन्सुरांचा देशकार. शक्यतो एकाच दिवशी, भूप रात्री आणि देशकार सकाळी नाही जमलं तरी चालेल. पहिल्या वेळी काहीच शोधू नकोस. दुसऱ्या वेळी एवढंच बघ की दोघं कुठल्या सुरावर जाऊन बसतात. मग मला फोन कर, बाबांना देईन. त्यांना देशकारावर बोलायला कोणी मिळत नाही.

खूप प्रेम,
आई