वाचकांचे प्रश्न : सातशेचा आनंद

प्रश्न : अमेरिकेतल्या सेंट लुईसहून तुम्ही बेसबॉलपटू अल्बर्ट पुहोल्सच्या ७००व्या होमरनबद्दल लिहिलंत. त्याचं एवढं अप्रूप का?

उत्तर : ताई, चेंडू थेट कुंपणापार गेला की होमरन. आपला षटकारच, पण इथे फार दुर्मीळ. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, पुहोल्सआधी बॉन्ड्स, ॲरन आणि रूथ, तिघांनीच कारकिर्दीत ७०० गाठले होते.

२३ सप्टेंबर २०२२. पुहोल्स आमच्या सेंट लुईसच्या संघाचा, पण सामना लॉस एंजेलिसला. आमच्याकडे रात्रीचे दहा वाजून गेलेले. बेसबॉलचे डाव छोटे, एका सामन्यात नऊ; तिसऱ्या डावात ६९९वा, चौथ्यात लगेच ७००वा! वय ४२, शेवटचा हंगाम. धाव पूर्ण करून तो प्रेक्षकांपुढच्या जाळीपाशी गेला, देशबंधू आणि माजी खेळाडू एड्रियन बेल्ट्रेला टाळी द्यायला. मैदान परक्या संघाचं, तरी सगळे उभे! इकडे घरी मी आमच्या संघाच्या लाल जर्सीत, डोळे पुसत उभी. मुलाला झोपेतून उठवून दाखवलं.